एकोणपन्नासाव्या वर्षी पीएच.डी. : खर्च नेमका कोणता मोजायचा?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका सरकारी मराठी शाळेतील शिक्षिकेचे हे पत्र आहे. त्यांचे वय ४९. मराठीत एम.ए. १९९९ मध्ये, ५७ टक्के गुणांनी. नोकरी २००७ पासून. आपल्या भागातील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या आणि त्यांत सहज मिसळलेले कानडी शब्द या विषयावर पीएच.डी. करावी, असे त्यांच्या मनात वीस वर्षांपासून आहे. घरात ८२ वर्षांच्या सासूबाई आहेत आणि त्यांना शेकडो ओव्या पाठ आहेत. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगी दहावीत, यजमानांचे किराणा मालाचे दुकान. फी, कोल्हापूरला जाणे-येणे, टायपिंग आणि बांधणी मिळून साडेतीन लाख रुपये लागतील, असा हिशेब त्यांनी वहीत मांडला आहे. त्यांना तीन वाटा दिसतात : स्वेच्छानिवृत्ती घेऊन पूर्णवेळ संशोधन करावे, साठीनंतर निवांतपणे करावे, किंवा विषयच सोडून द्यावा. सहकारी विचारतात, "या वयात त्याचा उपयोग काय?" यजमान म्हणतात, "बघ, तुला जमत असेल तर." नावापुढे 'डॉ.' लागावे असे वाटते आणि त्याची लाजही वाटते, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. "हा खर्च मला परवडेल का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय ताई,

तुमच्या पत्राच्या शेवटी आलेली लाजेची गोष्ट मी आधी घेते. नावापुढे 'डॉ.' लागावे असे वाटण्यात लाजण्यासारखे काहीही नाही. ज्या बाईने अठरा-एकोणीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना मुळाक्षरांपासून शिकवले, गणती आणि निवडणुकीची कामे केली, आणि हे सगळे करताना एक विषय मनात जपला, तिला त्या विषयावरचा आपला अधिकार कुणीतरी रीतसर मान्य करावा असे वाटणे स्वाभाविक आहे. ही इच्छा लपवू नका, कारण लपवलेली इच्छा हिशेबात धरता येत नाही आणि मग सगळा हिशेब चुकतो.

आता तुमच्या वहीतला हिशेब. तुम्ही साडेतीन लाखांचा आकडा इतका बारकाईने काढला आहे की त्यामागची काळजी मला दिसते. पण तुमच्या पहिल्या वाटेचा खरा खर्च त्यात कुठेच आलेला नाही. महिन्याला हातात सुमारे साठ हजार रुपये येतात, असे तुम्ही लिहिले आहे. साठीला निवृत्ती धरली तर तुमची अकरा वर्षे, म्हणजे १३२ महिने शिल्लक आहेत. वेतनवाढ आणि महागाई भत्त्यातील वाढ बाजूला ठेवली, तरी ही रक्कम ७९ लाख २० हजार होते. शिवाय तुम्ही १ एप्रिल २००६ नंतर सेवेत आलात, त्यामुळे तुम्हाला जुनी निवृत्तिवेतन योजना नसून नवी अंशदायी योजना लागू असणार. त्या योजनेत वेळेआधी बाहेर पडणाऱ्याला जमा रकमेचा मोठा भाग साधारणपणे मासिक निवृत्तिवेतनासाठी गुंतवावा लागतो आणि हातात थोडेच येते. मुलाची अजून दोन-अडीच वर्षांची फी आहे, मुलीचे शिक्षण तर पुढेच आहे. पूर्णवेळ संशोधकाला मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची वयोमर्यादा ३० वर्षे असल्यामुळे तो आधारही तुम्हाला नाही. म्हणून स्वेच्छानिवृत्तीची वाट मी तुमच्यासाठी बंद करते, आणि हे कोणतीही भीड न ठेवता सांगते. पीएच.डी.साठी नोकरी सोडावी लागते हे तुम्ही गृहीत धरले आहे, आणि ते गृहीतच बरोबर नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत अंशकालीन पीएच.डी.ला स्पष्ट मान्यता आहे. त्यासाठी तुमच्या खात्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. तुम्हाला अंशकालीन अभ्यासाची परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे संशोधनाला पुरेसा वेळ देता येतो आणि गरज पडल्यास पूर्वतयारीच्या अभ्यासक्रमासाठी, म्हणजे ज्याला सगळे कोर्सवर्क म्हणतात त्यासाठी, कामातून मोकळीक दिली जाईल, असे त्यात नमूद असावे लागते. हे शेवटचे वाक्य अर्जाच्या मसुद्यात तुम्ही स्वतः घाला. ते राहून गेले तर विद्यापीठ कागद परत पाठवते आणि त्या फेऱ्यात प्रवेशाची तारीख निघून जाते. एम.ए.ला ५५ टक्के गुणांची अट आहे, ती तुम्ही पूर्ण करता. पदवीसाठी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्री संशोधकांना त्यावर अजून दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. आज नोंदणी झाली आणि सगळ्या सवलती वापरल्या, तरी तुम्ही एकोणसाठाव्या वर्षी मोकळ्या होता. वयाची भीती तुम्ही सहकाऱ्यांच्या तोंडून घेतली आहे. नियमांत ती नाही.

दुसरी वाट, म्हणजे साठीनंतर निवांतपणे करणे, ही तुम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटते असे पत्रावरून दिसते. पुष्कळ वाचकांसाठी ती तशी आहेही. निपाणीतल्या एखाद्या बँक कर्मचाऱ्याला बेळगावातून १९१९ पासून निघणाऱ्या 'तरुण भारत'च्या सुरुवातीच्या काळावर काम करायचे असेल, तर ते कागद आज जिथे आहेत तिथे पाच वर्षांनीही असण्याची बरीच शक्यता आहे. त्याने निवृत्तीपर्यंत थांबावे, हप्ते फेडावेत आणि मग मोकळ्या डोक्याने सुरुवात करावी. तुमचा विषय मात्र कागदावर नाही. तुमच्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. अकरा वर्षांनी त्या ९३ वर्षांच्या असतील, आणि वाडीवस्तीवरच्या त्यांच्या बरोबरीच्या बायकाही.

इथे मला माझ्या मावशीबद्दल सांगितले पाहिजे. ती बिडी गावाच्या बाजूला एका लहान गावात राहत असे. बऱ्याच वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुट्टीत मी वही घेऊन तिच्याकडे गेले, तिला सोप्यात खुर्चीवर बसवले आणि म्हटले, "मावशी, आता ओव्या सांग, मी लिहून घेते." तिला जेमतेम पाच-सहा आठवल्या. "गेल्या की ग सगळ्या," म्हणाली. मला वाईट वाटले आणि मी वही मिटली. संध्याकाळी ती माजघरात सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. हात सुपाच्या लयीत हलू लागला, आणि तिच्या तोंडून एकामागून एक ओव्या येऊ लागल्या. माहेरच्या, भावाच्या, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराच्या, मधूनच एखादा कानडी शब्द असा बसलेला की तो काढला तर ओळच पडावी. वही सोप्यात राहिली होती. उठून आणायला गेले तर लय तुटेल म्हणून मी तशीच ऐकत बसले आणि मनात ठरवले की मे महिन्यात येऊन सगळे नीट लिहून घेईन. होळीच्या सुमारास तिला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची वाचा गेली. त्यानंतर ती दोन वर्षे होती. मी गेले की माझा हात धरून बसायची.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की तुम्ही दोन वेगळी कामे एकाच गाठोड्यात बांधली आहेत. ओव्या गोळा करणे हे एक काम आहे आणि पदवी मिळवणे हे दुसरे. पहिल्याला थांबायला वेळ नाही, आणि त्यासाठी कुणाचे ना-हरकत पत्र, प्रवेश परीक्षा किंवा मार्गदर्शक लागत नाही. दुसऱ्याला वर्ष-दीड वर्ष उशीर झाला तर काही बिघडत नाही. तुम्ही पहिले काम दुसऱ्याच्या परवानगीसाठी अडवून ठेवले आहे. तिसरी वाट, म्हणजे विषयच सोडून देणे, तुम्ही स्वतःही मनापासून लिहिलेली नाही, तेव्हा तिच्यावर मी शब्द खर्च करत नाही.

यावर कुणी म्हणेल की नोंदणीचे बंधन नसले तर असे काम होत नाही, चार महिने उत्साह टिकतो आणि वही कपाटात जाते. हे खरे आहे, आणि त्यामुळेच मी पदवी नको असे म्हणत नाही. सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे उभे राहावे लागते, कुणीतरी लाल शाईने खुणा करते, हा धाक उपयोगाचा असतो. पण साठ-सत्तर ओव्या आणि त्या म्हणणाऱ्या दहा बायकांची माहिती हातात घेऊन तुम्ही मार्गदर्शकाकडे गेलात, तर तिथे तुमच्याशी होणारे बोलणे वेगळे असेल. विषय काय घेऊ असे विचारत आलेल्या शिक्षिकेला आणि साधन घेऊन आलेल्या अभ्यासकाला दारातच वेगळी वागणूक मिळते.

गोळा करताना आधी झालेले काम पाहायला हवे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या हजाराहून अधिक गावांतून जमवल्या आणि तो संग्रह आज इंटरनेटवर ऐकता-वाचता येतो. "हे कुणीच केलेले नाही" असे तुम्ही लिहिले आहे, ते मार्गदर्शकासमोर बोलू नका. मात्र त्या संग्रहातील बहुतेक गावे महाराष्ट्रातली आहेत. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यातली, घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलणारी बाई ओवीत काय करते, ही तुमची खरी जागा आहे. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध मोफत वाचायला मिळतात. लोकगीतांवरचे तीन-चार मराठी प्रबंध तिथे पूर्ण वाचा. दोनात तुम्हाला वाटेल की हे मलाही जमेल, आणि एखाद्यात कळेल की अजून किती शिकायचे आहे. दोन्ही कळणे आवश्यक आहे.

विद्यापीठाबद्दल तुम्ही फक्त कोल्हापूरचा विचार केला आहे, आणि त्यामागचे कारण "आपले विद्यापीठ" या दोन शब्दांत लिहिले आहे. १९५६ नंतर सीमाभागात वाढलेल्या आपल्या कुणालाही हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत, आणि त्यातल्या भावनेला मी हात लावणार नाही. पण मान्यताप्राप्त विद्यापीठांच्या पीएच.डी.त कायद्याच्या दृष्टीने फरक नसतो. राणी चन्नम्मा विद्यापीठ तुमच्याच जिल्ह्यात, बेळगावहून कोल्हापूरकडे जाताना भूतरामनहट्टीला आहे. धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ बेळगावपासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर आहे, तर कोल्हापूर सुमारे एकशे दहा. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसगाड्यांतून मोफत प्रवास आहे, त्यामुळे भूतरामनहट्टी किंवा धारवाड धरले तर तुमच्या वहीतला प्रवासाचा मोठा आकडा जवळजवळ पुसला जातो. तरीही अंतर हा शेवटचा निकष ठेवा. पहिला निकष मार्गदर्शक. तुमच्या विषयात रस असलेले, जागा शिल्लक असलेले मार्गदर्शक कोल्हापूरलाच भेटले, तर कोल्हापूरलाच जा.

मार्गदर्शक निवडताना तुमच्या वयाच्या संशोधकाने एक गोष्ट विशेष पाहावी. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ राहिलेल्या प्राध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही, आणि प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, साहाय्यक प्राध्यापकाकडे चार अशी विद्यार्थ्यांची मर्यादा असते. आपण आदराने ज्यांची नावे घेतो ते नामवंत बहुधा याच कारणाने उपलब्ध नसतात. तुम्हाला कदाचित दहा वर्षांनी लहान असलेल्या व्यक्तीच्या हाताखाली काम करावे लागेल आणि तिने केलेल्या दुरुस्त्या मान्य कराव्या लागतील. वर्गात सतत दुरुस्त्या करण्याची सवय असलेल्या शिक्षकाला हे फीपेक्षा जड जाते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. याची तयारी आहे का, हे स्वतःला शांतपणे विचारा.

कानडी तुम्हाला कामापुरती येते, असे तुम्ही लिहिले आहे. या विषयाला ती कामापुरती पुरणार नाही. अव्वा आणि अक्का ओळखणे सोपे आहे. एखादा शब्द कानडीतून मराठीत आला, की मराठीतून तिकडे गेला, की दोन्हींकडे फार जुना आहे, हे ठरवायला कानडीच्या शब्दकोशात बसावे लागते. शाळेतल्या एखाद्या कानडी सहशिक्षिकेबरोबर आठवड्यातून एक तास बसा. हा तास मी खर्चात धरते, पण आनंदाने.

आता सगळ्यात महाग गोष्ट : तास. आठवड्याला पंधरा तास दिल्याशिवाय अंशकालीन पीएच.डी. पुढे सरकत नाही. सणवार आणि आजारपण वगळून वर्षाचे ४८ आठवडे धरले तर ७२० तास, आणि पाच वर्षांचे ३६०० तास. तुमचे यजमान म्हणाले, "बघ, तुला जमत असेल तर." तुम्ही याला नकार समजला आहात. मला तो नकार वाटत नाही. आपल्याकडून नेमके काय अपेक्षित आहे हे ज्याला कुणी सांगितलेले नाही, अशा माणसाचे ते उत्तर वाटते. तेव्हा त्यांना "करू का?" असे विचारू नका. रविवारी सकाळी सात ते दुपारी एक मी कामाला बसेन, त्या वेळचा स्वयंपाक आणि सासूबाईंचे औषधपाणी तुम्ही आणि मुलांनी पाहायचे, दुकान त्या दिवशी दहाला उघडायचे, असे ठरावीक सांगा. त्यावर जे उत्तर येईल ते खरे उत्तर. ते नाही असे आले, तर साडेतीन लाख तयार असूनही परवडणार नाही. हो आले, तर पैशाची अडचण सुटण्यासारखी आहे. मुलगी दहावीत असल्यामुळे परीक्षेपर्यंत हे पंधरा तास मागू नका. त्या काळात तीन-चार तासांचे काम पुरे आहे.

"उपयोग काय?" या सहकाऱ्यांच्या प्रश्नाला पैशाच्या भाषेत उत्तर द्यायचे तर ते असे : महाविद्यालयीन शिक्षकांसाठीच्या पीएच.डी.च्या वेतनवाढी शाळेतल्या शिक्षकाने गृहीत धरू नयेत. पगार वाढावा एवढ्याचसाठी कुणी करणार असेल, तर मी त्याला करू नका असेच सांगेन. १ जुलै २०२३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे साहाय्यक प्राध्यापक होण्यासाठीसुद्धा पीएच.डी. अनिवार्य राहिलेली नाही, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरते. एम.ए. झालेल्या आणि महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्या वाचकांनी आधी तो मार्ग पाहावा. नेटचे गुण आता पीएच.डी.च्या प्रवेशालाही चालतात, मात्र त्यासाठी ते एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. मार्गदर्शक शोधण्याआधी घाईने परीक्षा देऊन ते वर्ष वाया घालवू नये.

नोकरी करणाऱ्या शिक्षकांना फोन करून "दोन वर्षांत पदवी, यायची गरज नाही, प्रबंध आम्ही लिहून देतो" असे सांगणारे लोक आपल्या भागातही फिरत असतात. तीन वर्षांच्या आत पीएच.डी. होत नाही, दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पद्धतीने होत नाही, एवढे दोन नियम लक्षात ठेवले तरी हा फोन ठेवून देता येतो. तुम्ही फसाल असे मला वाटत नाही, पण तुमच्यासारख्याच दमलेल्या, वेळ नसलेल्या कुणीतरी हे वाचत असेल म्हणून लिहिते.

भविष्य निर्वाह निधी किंवा सोने यांना आत्ता हात लावू नका. फी वर्षावर्षाने भरायची असते, साडेतीन लाख एकदम लागत नाहीत. टायपिंगचा खर्चही तुम्ही वाचवू शकता : पहिल्या ओवीपासून युनिकोडमध्ये स्वतः टाइप करा, जुन्या फाँटमध्ये करून घेतलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर फुटतो आणि तो दुरुस्त करायला पुन्हा पैसे मोजावे लागतात. या वर्षी तुमचा खर्च बसचा, एका चांगल्या मेमरी कार्डाचा आणि म्हाताऱ्या बायकांकडे रिकाम्या हाताने न जाण्याचा. पावसात आणि रोप लावणीच्या दिवसांत त्यांच्याकडे जाऊ नका. दसऱ्याची सुट्टी आणि एप्रिल-मे हे तुमचे दिवस आहेत. पुढच्या जूनमध्ये जमलेल्या ओव्या घेऊन तिन्ही विद्यापीठांत जा, मार्गदर्शकांशी बोला, खात्याकडे अर्ज करा. वर्षभरात आठवड्याचे तीन-चार तासही टिकले नाहीत असे दिसले, तर नोंदणी करू नका. जमलेल्या ओव्या तरीही तुमच्या आहेत आणि त्यांचे पुस्तक करता येते. टिकले, तर न घाबरता नोंदणी करा. मला वाटते तुमचे टिकतील.

सुरुवात घरातूनच करा. सासूबाईंना खुर्चीवर बसवू नका. जाते आता वापरात नसेल, पण पडवीत किंवा परड्यात कुठेतरी असेलच. ते धुऊन, पुसून माजघरात मांडा आणि मूठभर नाचणी घेऊन त्यांच्यासमोर बसा. खुंट्याला एक हात त्यांचा आणि एक तुमचा असू द्या. फोन आधीच चालू करून पदराआड नव्हे, त्यांना दिसेल असा, त्यांची परवानगी घेऊन शेजारी ठेवा. त्या काही म्हणण्याआधी स्वतःच्या आवाजात तारीख, गावाचे नाव आणि त्यांचे माहेरचे व सासरचे पूर्ण नाव बोलून घ्या, कारण पुढे कधीतरी ती फाइल उघडणाऱ्याला हा आवाज कुणाचा हे सांगणारे दुसरे कुणी तिथे नसेल.